पहिल्या केमोआधी : कॅन्सर झालेल्या मुलामुलींची प्रजननक्षमता कशी जपायची

२०२२ च्या जूनमध्ये माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडात इविंग सार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, निघाला. सोलापूरहून परळला आलो. बायोप्सी, बोनमॅरो, पेट स्कॅन, इको, पोर्ट (केमो द्यायला छातीत बसवतात ती नळी) बसवायची तारीख, सगळं फायलीत ओळीने लिहिलेलं होतं. हा बरा झाला, मोठा झाला, तर त्याला मूल होईल का, हे त्या फायलीत कुठेच नव्हतं. माझ्याही डोक्यात नव्हतं. ते विचारलं धर्मशाळेत शेजारच्या खोलीत राहणाऱ्या वाशीमच्या एका शेतकऱ्याने. त्याच्या पोराच्या केमोच्या तीन सायकल, म्हणजे फेऱ्या, होऊन गेल्या होत्या. "ताई, पोराचं बियाणं राखलं का? आमचं राहून गेलं."

केमोला चार दिवस उरले होते.

त्या चार दिवसांत जे कळलं आणि पुढे वॉर्डातल्या इतर आयांसोबत फिरताना जे शिकले, ते क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, पण विषय तुम्ही काढा. वॉर्डाच्या धबडग्यात तो दुसरं कुणी काढेलच असं नाही.

प्रश्न कधी आणि कसा विचारायचा

निदान सांगून डॉक्टर प्रोटोकॉल, म्हणजे उपचाराचा आराखडा, समजावतात, त्याच बैठकीत विचारा. सलाईन लागल्यावर विचारून उपयोग कमी. एका मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला "आधी पोरगं वाचू द्या" असं म्हणून गप्प केलं होतं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पण पोरगं वाचवण्याची तयारी सुरू असतानाच हे काम उरकता येतं, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

मी कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या. या औषधांनी आणि रेडिएशनने पुढे मूल होण्याला धोका कमी, मध्यम की जास्त? केमो सुरू व्हायला नेमके किती दिवस आहेत, आणि दोन-चार दिवस थांबलं तर चालेल का? याच्या वयाला काय करता येईल? कुठे पाठवाल, आणि चिठ्ठी आज देता का? उत्तरं केस पेपरवर लिहून घ्या. रेसिडेंट डॉक्टरसमोर रांग असते. तोंडी उत्तर रांगेत विरून जातं, लिहिलेलं पुढच्या टेबलावर उपयोगी पडतं.

धोका किती, हे आधी समजून घ्या

सगळे कॅन्सर आणि सगळ्या केमो सारख्या नसतात. लहान मुलांत सगळ्यात जास्त दिसणारा एएलएल हा रक्ताचा कॅन्सर घ्या. त्यात व्हिनक्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, सिक्स-एमपी, स्टेरॉइड यांवर भर असतो, आणि नेहमीच्या उपचारात बहुतेक मुलांची प्रजननक्षमता शाबूत राहते. त्या आईबापांनी उगाच जीव टांगणीला लावू नये.

काळजी करायची ती अल्किलेटिंग गटातल्या औषधांची : सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन, मेल्फलान, बुसल्फान. यांची एकूण मात्रा सायक्लोफॉस्फामाइडच्या हिशेबात बदलून बेरीज करतात. त्या आकड्याला डॉक्टर सीईडी म्हणतात. माझ्या मुलाच्या प्रकारच्या उपचाराचा हिशेब असा : शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला सायक्लोफॉस्फामाइड १.२ ग्रॅम, अशा ७ सायकल म्हणजे ८.४ ग्रॅम. आयफॉस्फामाइड ९ ग्रॅमच्या ७ सायकल म्हणजे ६३ ग्रॅम, त्याला ०.२४४ ने गुणलं की साधारण १५.४. बेरीज जवळपास २३.८ ग्रॅम. आता मोजपट्टी बघा. मुलग्यांत ४ ग्रॅमच्या पुढे शुक्राणूंना धोका वाढतो. पाळी सुरू झालेल्या मुलीत ८ च्या पुढे आणि पाळी न आलेल्या मुलीत १२ च्या पुढे तो मोठा धरतात. हा आकडा डोळ्यासमोर आल्यावर मला दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही.

याशिवाय ओटीपोटावर किंवा वृषणांवर रेडिएशन, आणि बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी पूर्ण शरीराला रेडिएशन किंवा बुसल्फान, हे असेल तर धोका जास्तच. मेंदूला रेडिएशन दिलं तर वेगळीच गोष्ट होते : बीजकोश किंवा वृषण ठीक असतात, पण त्यांना हुकूम देणारी पिट्युटरी ग्रंथी कमजोर पडते. त्यावर हार्मोनचे उपचार असतात.

एक गैरसमज वॉर्डात पक्का बसलेला दिसतो : "लहान आहे, अजून वयात आलेला नाही, त्याला काही होत नाही." मुलग्यांच्या बाबतीत हे साफ खोटं. वयात न आलेल्या मुलाच्या वृषणातल्या मूळ पेशीही या औषधांनी मरतात. लहान मुलींकडे बीजांडांचा साठा मोठा असल्याने त्या जास्त सोसतात, एवढंच.

मुलगा वयात आलेला असेल तर

वीर्य गोठवून साठवणं हे सगळ्यात सोपं, स्वस्त आणि खात्रीचं काम, आणि तरीही सगळ्यात जास्त वेळा राहून जातं, ते निव्वळ लाजेपोटी. साधारण १२ ते १४ वर्षांच्या दरम्यान शुक्राणू तयार व्हायला लागतात. आवाज फुटला, जांघेत केस आले, झोपेत चादर ओली झाली, की मुलगा वीर्य देऊ शकतो. तपासून डॉक्टर सांगतातच.

मुलाशी कोण बोलणार, हे आधी ठरवा. मी बोलू शकले नाही. नवरा सोलापूरला कामावर होता, आणि असता तरी बापलेकांत असलं बोलणं आमच्या घरात झालं नव्हतं. हे काम माझ्या भावाने केलं. मामा आणि भाचा खालच्या टपरीवर चहा प्यायला गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. "त्याला सगळं माहितीय, तूच कशाला घाबरतेस," एवढंच भाऊ म्हणाला. तुमच्याकडे असा मामा, काका, मोठा चुलतभाऊ नसेल तर वॉर्डातल्या समुपदेशकाला किंवा सोशल वर्करला सांगा. बोलताना आईने खोलीबाहेर थांबावं. मुलं आईसमोर "हो" म्हणतात आणि आत जाऊन गोठतात.

पहिला प्रयत्न आमचा फसला. सिस्टरने हातात डबी दिली आणि वॉर्डाच्या बाथरूमकडे बोट दाखवलं. दाराची कडी तुटलेली, बाहेर बादली घेऊन दोन माणसं उभी. मुलगा दहा मिनिटांनी डबी तशीच घेऊन बाहेर आला आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. म्हणून सांगते : जागा आधी बघून या. शक्य असेल तर वीर्य साठवणाऱ्या सेंटरमधल्याच खोलीत द्यावं, तेच उत्तम. माझ्या मुलाला पायामुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून धर्मशाळेच्या खोलीत सगळ्यांना बाहेर काढून डबी भरली. सेंटरला तासाच्या आत पोचवायची होती आणि गार होऊ द्यायची नव्हती. भावाने ती शर्टाच्या आत काखेत धरली आणि टॅक्सीत बसला. दादरला टॅक्सी अडकली तेव्हा त्याने मला फोन केला, "ताई, कोंबडी अंडं उबवते तसा बसलोय." सत्तेचाळीस मिनिटांत पोचला.

काही बारकावे. डबी सेंटरकडूनच घ्या. कंडोम, तेल, साबण काही वापरायचं नाही, शुक्राणू मरतात. दोन किंवा तीन नमुने, मध्ये एक-दोन दिवसांचं अंतर, असं सांगतात. वेळ नसेल तर एकच द्या, एकही नसण्यापेक्षा तो बरा. साठवण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्ततपासण्या लागतात आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये एक दिवस जातो, म्हणून रक्त पहिल्याच दिवशी द्या. आजारामुळे शुक्राणूंची संख्या आधीच कमी निघू शकते, हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरात तर हे नेहमीचं. रिपोर्ट वाईट आला म्हणून साठवण रद्द करू नका. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडण्याचं इक्सी हे तंत्र पुढे आणलं, तेव्हापासून एका बीजांडाला एक शुक्राणू पुरतो.

१८ वर्षांखालच्या मुलाला मोबाईलवर किंवा मासिकात "तसलं" काही दाखवू नका. पोक्सो कायद्याखाली तो गुन्हा आहे. सेंटरच्या खोलीत तसं काही ठेवलेलं असेल तर आधी काढायला लावा.

नाहीच जमलं तर? वेदनेने, भीतीने किंवा मॉर्फिनमुळे पुष्कळ मुलांना जमत नाही. त्यात त्याचा दोष नाही, हे त्याला ऐकू येईल असं म्हणा. भूल देऊन सौम्य विजेच्या झटक्याने वीर्य काढता येतं किंवा वृषणातून सुईने वा छोट्या छेदाने शुक्राणू काढता येतात. पोर्ट बसवायला भूल देणारच असतील तर त्याच भुलीत हे करता येईल का, विचारा.

आणि हे सगळं पहिल्या केमोच्या आधी. केमो सुरू झाल्यावर शुक्राणूंच्या जनुकांत बिघाड शिरतो, तो नमुना ठेवू नये असंच सांगतात.

साठवलेलं किती वर्षं टिकतं? उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये काळ जवळजवळ थांबतो. मँचेस्टरला १७ व्या वर्षी वृषणाच्या कॅन्सरच्या उपचाराआधी एका मुलाने वीर्य साठवलं होतं. २१ वर्षांनी त्याच नमुन्यातून त्याला मूल झालं. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मुलगा लहान असेल तर

इथे थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. वृषणाचा लहान तुकडा काढून गोठवता येतो, पण हे अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. २०२५ च्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये एका तरुणाच्या शरीरात, त्याच्या लहानपणी काढून ठेवलेली वृषणाची ऊती परत बसवल्याचं जाहीर झालं. असं जगात पहिल्यांदाच होत होतं. धोका फार मोठा असेल, उदाहरणार्थ ट्रान्सप्लांट ठरलेलं असेल, आणि संशोधन करणारं केंद्र आवाक्यात असेल तरच विचार करा. मूल होण्याची हमी म्हणून कुणी पैसे मागत असेल तर उठून या.

मुलीला पाळी सुरू झाली असेल तर

मुलींच्या बाबतीत दिवस जास्त लागतात. बीजांडे साठवायची तर रोज पोटावर हार्मोनची इंजेक्शनं, साधारण १० ते १४ दिवस. मग भूल देऊन बीजांडे काढतात. पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे, आता महिन्यातल्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं. हाडाचे, स्नायूंचे ट्यूमर असतील तर बायोप्सीचा रिपोर्ट आणि स्कॅन होईतो हे दिवस कधी कधी मिळतात. म्हणून रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच काळात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून घ्या.

साताऱ्याची एक सतरा वर्षांची मुलगी, कमरेच्या हाडाचा इविंग. तिची आजी अडून बसली होती, "लग्नाआधी असलं तपासणं? नको." आजीची भीती खोटी म्हणून उडवून लावू नये. नेहमीच्या पद्धतीत सोनोग्राफीची नळी आणि बीजांडे काढायची सुई योनीमार्गातून जाते. पण मूत्राशय भरलेलं ठेवून पोटावरून सोनोग्राफी करता येते आणि बीजांडे काढणं भुलीत असतं. कुठून काढणार, किती नळ्या, खोलीत कोण असणार, हे डॉक्टरांनी मुलीला चित्र काढून दाखवावं, अशी मागणी करा. तिथल्या डॉक्टर बाईंनी तसं दाखवलं. मग मुलगीच आजीला म्हणाली, "माझं मी बघते गं."

धोकेही विचारा. प्लेटलेट कमी असतील तर सुईने रक्तस्राव, पांढऱ्या पेशी कमी असतील तर इन्फेक्शन, आणि इंजेक्शनांनी बीजकोश जास्त सुजण्याची शक्यता असते. श्वास लागत असेल, छातीत मोठी गाठ असेल, तर हे दिवस घालवू नयेत. अशा वेळी बीजकोशाची ऊती काढणं हा दुसरा मार्ग, त्याबद्दल खाली लिहिते.

महिन्याला एक ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन घेतलं की बीजकोश "झोपतात" आणि वाचतात, असं कानावर येईल. याचा पुरावा मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरच्या तरुण बायकांमधला आहे. किशोरींमध्ये त्याचा खरा उपयोग म्हणजे प्लेटलेट घसरलेल्या असताना पाळीचा रक्तस्राव थांबवणं. ते जरूर घ्या, पण साठवणीच्या बदल्यात नको.

मुलगी लहान असेल तर

पाळी न आलेल्या मुलीसाठी एकच मार्ग : दुर्बिणीतून एक बीजकोश किंवा त्याच्या वरच्या सालीचे तुकडे काढून गोठवणं. त्या सालीतच कच्ची बीजांडे असतात. इंजेक्शनं लागत नाहीत, तयारी असेल तर दोन-तीन दिवसांत होतं आणि पोर्टच्याच भुलीत उरकता येतं. मुलगी मोठी झाल्यावर तुकडे परत शिवतात. ते जागे होतात, पाळी येते, गर्भही राहू शकतो.

पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. अमेरिकेच्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये या पद्धतीवरचा "प्रायोगिक" हा शिक्का काढला. जगभरात अशी दोनशेहून अधिक बाळं झाली आहेत, पण त्यांतल्या बहुतेक आया ऊती काढताना मोठ्या होत्या. लहान मुलींची उदाहरणं मोजकीच. दुबईच्या एका मुलीची ऊती नवव्या वर्षी, थॅलेसेमियासाठी ट्रान्सप्लांट करण्याआधी, इंग्लंडमध्ये काढली होती. २०१६ मध्ये लंडनला तिला मुलगा झाला. भारतात हे करणारी केंद्रं थोडी आहेत, म्हणून चिठ्ठी पहिल्या दिवशी मागा. "आत्तापर्यंत किती मुलींची ऊती साठवली, त्यांतली सगळ्यांत लहान किती वर्षांची?" हेही तोंडावर विचारा.

रक्ताच्या कॅन्सरचं वेगळं

तीव्र ल्युकेमियात थांबायला वेळ नसतो, कधी कधी त्याच संध्याकाळी केमो लागते. मोठा मुलगा असेल तर त्या संध्याकाळीसुद्धा एक नमुना होऊ शकतो. मुलीच्या बाबतीत बीजकोशाच्या ऊतीत ल्युकेमियाच्या पेशी लपलेल्या असू शकतात आणि ती परत बसवली तर आजारही परत येऊ शकतो. म्हणून काही ठिकाणी रेमिशन आल्यानंतर, म्हणजे आजार आटोक्यात आल्यावर, ट्रान्सप्लांटच्या आधी ऊती काढतात. ऊतीच्या बाबतीत थोडी केमो होऊन गेली तरी दार बंद होत नाही. आजार उलटला, ट्रान्सप्लांटची भाषा सुरू झाली, की हा सगळा प्रश्न नव्याने विचारा. पहिल्या वेळी "धोका कमी" म्हणाले होते ते आता लागू नसतं.

रेडिएशन असेल तर

वृषणांवर शिशाचं कवच घालता येतं. मुलीचे बीजकोश दुर्बिणीतून रेडिएशनच्या वाटेतून वर सरकवून टाके घालता येतात. हे रेडिएशनचं प्लॅनिंग होण्याआधी बोला. प्लॅन तयार झाल्यावर सगळेच वैतागतात.

कागद, कायदा आणि पैसे

२०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या तंत्रांच्या) कायद्याखाली सेंटरची नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक मागून घ्या. या कायद्यात उपचार घेणाऱ्याचं वय २१ च्या वर हवं असं कलम आहे, त्यामुळे अल्पवयीन म्हटलं की काही ठिकाणी कचरतात. आम्हाला पहिल्या सेंटरने फोनवरच नाही म्हटलं. दुसरीकडे कॅन्सरच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन समोर जाऊन बसलो, काम झालं. पत्रात निदान, औषधांची नावं, केमोची तारीख आणि "वैद्यकीय कारणासाठी तातडीने" हे शब्द असू द्या. दात्याचं बीज आणि भ्रूण ठेवायला कायद्याने १० वर्षांची मर्यादा आहे. तुमच्या मुलाचं स्वतःचं बीज ते किती वर्षं ठेवणार, मुदत वाढवायची पद्धत काय, हे लेखी घ्या. पंधरा वर्षांच्या पोराला दहा वर्षं पुरणार नाहीत.

फॉर्मवर सही आईबापाची, पण मुलाचा होकारही हवा. त्याला नको असेल तर जबरदस्ती करू नका. फॉर्ममध्ये एक जड प्रश्न असतो : मूल दगावलं तर नमुन्याचं काय करायचं. मी पेन खाली ठेवलं होतं. तरी तो रकाना कोरा सोडू नका. दिल्लीत कॅन्सरने गेलेल्या एका तरुणाच्या गोठवलेल्या वीर्यासाठी त्याच्या आईबापांना उच्च न्यायालयात जावं लागलं, निकाल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लागला. आम्ही "नष्ट करावे" लिहिलं. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल.

खर्चाचा अंदाज : वीर्य साठवणं हजारांत, बीजांडे किंवा ऊती लाखाच्या घरात, शिवाय दर वर्षी साठवणीचं भाडं. कॅन्सरच्या सरकारी योजनेत हे बसेल असं गृहीत धरू नका. हॉस्पिटलच्या सोशल वर्करला ट्रस्टबद्दल विचारा आणि सेंटरला सवलत मागा. मागितल्यावर बऱ्याचदा मिळते.

नातेवाइकांना काय सांगायचं? काही सांगू नका. मुलीच्या बाबतीत तर नाहीच. सोयरिकीच्या वेळी ही गोष्ट कुणाला, कधी सांगायची, हे तिचं तिने ठरवावं.

उपचार संपल्यावर

दाढीमिशा आल्या, आवाज घोगरा झाला, म्हणजे सगळं ठीक, असं नाही. वृषणातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशी चिवट असतात आणि शुक्राणू बनवणाऱ्या नाजूक, त्यामुळे दिसायला धडधाकट तरुणाचा रिपोर्ट शून्य येऊ शकतो. शुक्राणू परतायला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. उलट बाजूही आहे : ते कधी परततील ते सांगता येत नाही, म्हणून मोठ्या मुलांना गर्भनिरोधकाबद्दल सांगायलाच हवं.

मुलींमध्ये पाळी परत आली तरी बीजांडांचा साठा घटलेला असू शकतो आणि पाळी कायमची जायची वेळ तिशीतच येऊ शकते. एएमएच ही रक्ततपासणी साठ्याचा अंदाज देते. साठा कमी असेल, तर उपचारानंतर काही महिने जाऊ देऊन तेव्हाही बीजांडे साठवता येतात. मुलीला १३ पर्यंत छातीची वाढ सुरू झाली नाही, किंवा मुलाला १४ पर्यंत वयात येण्याच्या खुणा दिसल्या नाहीत, तर हार्मोनतज्ज्ञाकडे जा. हाडांसाठीसुद्धा ते गरजेचं असतं.

"आमच्या मुलांच्या मुलांना कॅन्सर होईल का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. केमो घेतलेल्यांच्या बाळांत कॅन्सरचं किंवा व्यंगांचं प्रमाण जास्त आढळलेलं नाही. अपवाद आनुवंशिक कॅन्सरचा. डोळ्याच्या आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमात दर बाळाला निम्मी शक्यता असते, तिथे लग्नाआधी जनुकतज्ज्ञाला भेटावं. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या किंवा छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलींनी गर्भ राहायच्या आधी हृदयाचा इको करून घ्यावा.

टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी ॲक्ट क्लिनिक १९९१ पासून चालतं. बरी झालेली मुलं मोठी होऊन एकमेकांना भेटतात त्या गटाचं नाव "उगम". तिथे हे प्रश्न विचारताना मुलं लाजत नाहीत, कारण समोरच्यानेही तेच विचारलेलं असतं.

शेवटची गोष्ट फायलीची. औषधांच्या एकूण मात्रा, रेडिएशनचा डोस, साठवणीचा क्रमांक आणि किती कुप्या आहेत, हे एका कागदावर लिहून त्याच्या दोन प्रती करा. मोबाईल नंबर बदलला तर सेंटरला कळवा, भाड्याची आठवण त्याच नंबरवर येते. आम्ही भाडं दसऱ्याच्या आठवड्यात भरतो, म्हणजे विसरत नाही. गेल्या वर्षी मुलगा अठराचा झाला तेव्हा सेंटरने नवीन फॉर्म दिला. मी सवयीने पेन उचललं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, आता तुमची सही चालणार नाही." त्याने फॉर्म ओढून घेतला, सगळा वाचला आणि तो जड रकाना भरताना हाताने झाकून घेतला.